पिल्लू येण्याआधी घरानं काय शिकायचं

पिल्लू आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा नावाची होते आणि दुसरी पट्ट्याच्या रंगाची. मग मऊ गादी, हाडाच्या आकाराची खेळणी, नाव कोरलेली स्टीलची वाटी असं सगळं पिल्लाच्या आधी येऊन पोचतं. यातलं फार थोडं लागतं. सहज न उलटणाऱ्या दोन जड वाट्या, एक जुनी चादर, चावायला रबराची दोन-तीन खेळणी, हलका पट्टा आणि दोरी, शिवाय रद्दीचा गठ्ठा, एवढ्यावर पहिला महिना निभतो. गादी तर ते फाडणारच आहे. जे खरंच लागतं ते दुकानात मिळत नाही: काही आठवडे सलग घरात असणारं एक माणूस आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत.

काही आठवडे म्हणजे नेमके कुठले, तर पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यापासून सोळा आठवड्यांचं होईपर्यंतचे. याच काळात ते आईला सोडून येतं, याच काळात त्याच्या लशी होतात आणि जगातल्या कशाला भ्यायचं, कशाला नाही, हेही ते याच काळात ठरवतं. या दोन महिन्यांत जे बिघडतं ते पुढं बारा-पंधरा वर्षं निस्तरत बसावं लागतं.

आठ आठवड्यांचा आकडा कुणाच्या मनचा नाही. केंद्र सरकारनं २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. बाजारात मात्र महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं ‘दोन महिन्यांचं आहे’ असं सांगून सर्रास हातात ठेवली जातात. जितकं लहान तितकं गोजिरवाणं, आणि विकणाऱ्याचा खाण्याचा नि लशीचा खर्चही वाचतो. नुकसान होतं ते पिल्लाचं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. आईला नको असताना लुचायला गेलं की ती गुरकावते. दात किती जोरानं लावायचे याचा पहिला धडा असा मिळतो. ज्याला फार लवकर आईपासून तोडलं, ते पिल्लू हा धडा तुमच्या मनगटावर गिरवतं. म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई प्रत्यक्ष पाहावी. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, मग ते कितीही केविलवाणं बघत असो.

लशींविषयी एक शंका घरोघरी असते: तीच लस तीन-तीनदा कशाला? डॉक्टर उगाच फेऱ्या मारायला लावतात का? याचं उत्तर आईच्या चिकात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू जो चीक पितं, त्यातून त्याला रोगांशी लढणारी तयार प्रतिपिंडं मिळतात. ही उसनी ताकद काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. अडचण अशी, की रक्तात आईची प्रतिपिंडं भरपूर असतील तर ती लशीतल्या विषाणूलाही गारद करतात आणि पिल्लाचं शरीर स्वतः काहीच शिकत नाही. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. कुणाची सातव्या-आठव्या आठवड्यात संपतात, कुणाची चौदाव्या-पंधराव्या. मधे काही दिवस तर असे असतात, की ही प्रतिपिंडं खऱ्या रोगाला अडवायला अपुरी पडतात आणि लशीला निकामी करायला मात्र पुरतात. बाहेरून बघून हे कळायला काही मार्ग नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा सोळा आठवडे होताना किंवा त्यानंतर. ‘दोन तर झाले’ म्हणून शेवटचा डोस सोडणारे लोक अनेकदा नेमका लागू पडणारा डोस सोडत असतात.

या लशी ज्यांच्यासाठी, त्या रोगांत पिल्लांच्या दृष्टीनं सगळ्यात भयंकर पार्वो. १९७८च्या सुमारास हा विषाणू प्रथम ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. उलट्या, मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. सलाइन वेळेवर लागलं तर पुष्कळ पिल्लं वाचतात, म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे पिल्लाच्या उलटीच्या बाबतीत म्हणायचं नाही. हा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. रोजच्या फिनेलचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचं, म्हणजे कपड्यांच्या ब्लीचचं पाणी लागतं. ज्या घरात किंवा अंगणात आधी पार्वोनं पिल्लू गेलं असेल, तिथे लशी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू वर्षभर तरी आणू नये.

आता इथे खरा पेच येतो. डॉक्टर सांगतात, लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडू नका. बहुतेक घरं हे इतकं मनावर घेतात, की पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दाराबाहेरचं जग त्यानं पाहिलेलंच नसतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या मेंदूचं एक दार बंद होत असतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५मध्ये तो ग्रंथरूपानं प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज आपल्याशा करतं. त्यानंतर अनोळखी गोष्टीबद्दलची धास्ती कुतूहलावर मात करू लागते. रानात हे शहाणपणाचंच आहे. त्या वयापर्यंत ज्याला आपण भेटलो नाही ते बहुधा धोक्याचं, असा तो हिशेब. त्याच प्रयोगशाळेत जी पिल्लं चौदा आठवडे माणसांच्या सहवासाविना कुंपणात वाढवली गेली, ती पुढं माणसाला जवळजवळ रानटी प्राण्यांसारखीच बिचकत राहिली.

सोसायटीत एखादा लॅब्रॅडॉर हेल्मेट घातलेल्या प्रत्येक माणसावर भुंकतो, एखादी पॉमेरेनियन लिफ्टच्या दारातच पाय रोवून बसते, कुणी रिक्षा दिसली की पट्टा तोडायला बघतो. लोक म्हणतात, स्वभावच तसा आहे. बऱ्याचदा तो स्वभाव नसतो, चौथ्या महिन्यापर्यंत घरात कोंडल्याचा परिणाम असतो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८ साली स्पष्ट भूमिका घेतली, की पहिली लस होऊन आठवडा झाला की पिल्लांना सांभाळून जगाची ओळख करून द्यायला लागावं, लशी पूर्ण व्हायची वाट पाहू नये. तिथे तीन वर्षांखालच्या कुत्र्यांचे बळी संसर्गजन्य रोगांपेक्षा वागणुकीच्या समस्यांमुळे जास्त जातात, असं त्यांचं म्हणणं होतं: चावरं, भित्रं कुत्रं आश्रयगृहात जातं आणि तिथून त्याला मरणाच्या इंजेक्शनाकडेच नेलं जातं. आपल्याकडे ते इंजेक्शनाऐवजी गाडीतून दूरच्या गावाबाहेर ‘सोडलं’ जातं. फरक एवढाच.

मग करायचं काय? पिल्लाला उचलून न्यायचं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, पण डोळे, कान आणि नाक मोकळे ठेवायचे. कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटजवळ पंधरा मिनिटं उभं राहावं. रिक्षा, शाळेची बस, भाजीची गाडी, छत्रीवाले, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेल्या, नऊवारी नेसलेल्या बायका, पावसाळी रेनकोट, गॅसचा सिलिंडर गडगडवत नेणारा माणूस, सगळं त्याला लांबून बघू द्यावं आणि बघताना तोंडात उकडलेल्या चिकनचा कण द्यावा. घाबरलं तर पुढं रेटायचं नाही, चार पावलं मागं यायचं. ज्यांच्या घरचा कुत्रा निरोगी आणि लशी पूर्ण झालेला आहे, अशा ओळखीच्यांकडे न्यावं. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, देवघरातली घंटा हे आपोआपच कानावर पडतं. पुण्यासारख्या शहरात राहत असाल तर ढोल-ताशांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, जेवणाच्या वेळी लावावं आणि आठवड्याआठवड्यानं किंचित वाढवावं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचेही; भाद्रपदात वस्तीतून मिरवणूक जाते तेव्हा त्याच्या कानांचं काय होत असेल याचा अंदाज यावरून करावा. रोज एकदा पंजे, कान, दात हाताळायची सवयही याच वयात लावून टाकावी. पुढं नखं कापताना आणि डॉक्टरांच्या टेबलावर तिचं चीज होतं.

भाद्रपदाचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या पिल्लांचं पंचांगही लक्षात घ्यावं. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे मराठी माणसाला सांगायला नको. गर्भ साधारण त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे गावठी कुत्र्यांची वेतं मोठ्या प्रमाणात कार्तिक-मार्गशीर्षात होतात आणि पिल्लं पौष-माघात घरी नेण्याजोगी होतात. तिथून पुढचा हिशेब करा. शेवटची लस होते न होते तोच शिमगा: रंग, पिचकाऱ्या, आरडाओरडा. लगेच उन्हाळा. दूधदात पडून पक्के दात येण्याचा, म्हणजे दिसेल ते चावण्याचा काळ ऐन एप्रिल-मेच्या सुटीत. अठ्ठावीस दूधदात जाऊन बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात घरात चामड्याची चप्पल जमिनीवर ठेवणाऱ्यानं तक्रार करू नये. पहिला पावसाळा सहा-सात महिन्यांचं असताना: गोचीड, आणि साचलेल्या पाण्यातल्या उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी लेप्टोची लस टाळू नये. आणि पहिली फटाक्यांची दिवाळी वर्षाच्या आत.

याच पंचांगाची दुसरी बाजू विषण्ण करणारी आहे. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार प्रजननाच्या वयापर्यंत त्यांतली फक्त १९ टक्के जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. तेव्हा दारातच पिल्लं उपलब्ध असताना पैसे मोजून दूरवरून पिल्लू मागवण्याचं मला फारसं कौतुक नाही. गावठी कुत्रं आपल्या उन्हाला सरावलेलं असतं, त्याचं नाक लांब असतं आणि अंगावर केस बेताचे. २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग सगळ्या देशानं पाहिला आणि घरोघरी पग आले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून हवा खेळवून अंग थंड करतं. चपट्या नाकाच्या पगला तेच धड जमत नाही. सैबेरियन हस्कीची तऱ्हा उलटी: नाक उत्तम, पण अंगावर बर्फासाठी विणलेली दुहेरी लोकर. वैशाखात नागपूर-जळगावकडे त्याला ठेवायचं तर दिवसभर एसी लावायची तयारी हवी. ती नसेल तर फोटोवर समाधान मानावं.

आता घराकडे. एकदा जमिनीवर पालथं पडून खोल्यांवरून नजर फिरवा. पिल्लाला जे दिसतं ते तुम्हालाही दिसेल. लोंबणाऱ्या चार्जरच्या वायरी, सोफ्याखाली गेलेला सुईदोरा, केसांचे रबर, मोजे. दोरा गिळला गेला तर आतडी चुण्या पडल्यासारखी गोळा होतात आणि शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. कपाटातल्या डांबरगोळ्या विषारी, उंदरांचं औषध विषारी. कुंडीतली कण्हेर आणि बिट्टी हृदयावर घाला घालतात, आणि हल्ली प्रत्येक हॉलमध्ये दिसणारं मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबाखिया चावलं तर तोंड सुजून लाळ गळत राहते. तुळशीची काळजी नको. घरातली तापाची, अंगदुखीची औषधं पिल्लाला कधीही आपल्या मनानं देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जातं का ते बघा आणि जात असेल तर आधी जाळी लावा.

गुळगुळीत फरशीचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. व्हिट्रिफाइड टाइलवर पिल्लाचे मागचे पाय फाकत राहतात. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्लं जिने चढत-उतरत होती त्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त दिसला, आणि जी मोकळ्या, मऊ जमिनीवर खेळली त्यांच्यात कमी. आपल्या फ्लॅटमध्ये मऊ जमीन कुठून आणायची? पिल्लू जिथे जास्त वावरतं तिथे सतरंजी, चटई, योगाची मॅट अंथरायची आणि जिन्यावरून उचलून न्यायचं.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरं पिढ्यान् पिढ्या एकच पदार्थ देत आली: दूध-पोळी. प्रेम त्यात आहे, पोषण अपुरं. आईचं दूध तुटलं की दुधातली साखर पचवणारं विकर पिल्लाच्या पोटात कमी कमी होत जातं. गाईम्हशीच्या दुधानं मग अनेकांना जुलाब होतात. पोळीचं वेगळं. २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा कळलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या शेतीच्या उष्ट्यावर जगता जगता त्याचं पोटही आपल्यासारखं झालं. त्यामुळे भात-भाकरी त्याला पचते, पण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यातून पुरेसे मिळत नाहीत. नुसतं मटण-चिकन देणंही तितकंच चूक. त्यात कॅल्शियम नगण्य, आणि पिल्लाचे पाय वाकायला लागतात. मग लोक धास्तावून कॅल्शियमची बाटली सुरू करतात. मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीचं कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं, कारण नको असलेलं कॅल्शियम अडवणं त्या वयात त्यांच्या आतड्यांना जमत नाही. यातून सोपी वाट एकच: पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेला घरचा आहार. शाकाहारी घरांनी तर हा प्रश्न पिल्लू येण्यापूर्वीच सोडवावा. अंडं घरात शिजणार की नाही, आणि कुठल्या भांड्यात, यावरून नंतर होणारी भांडणं पिल्लाला भोवतात.

आधीच्या ठिकाणी ते जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्यावं आणि आठवडाभरात हळूहळू बदलावं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढं दोनदा. आपल्या ताटातलं देऊ नये, याचं कारण फोडणीत आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात; आमटीच्या दोन चमच्यांनी लगेच काही होत नाही, पण रोजच्या रोज देत गेलं तर पंडुरोग होऊ शकतो. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, तेव्हा सत्यनारायणाचा शिरा पिल्लाला दाखवूसुद्धा नका. चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, शिजवलेल्या कोंबडीची टोकदार फुटणारी हाडं हीही याच यादीतली. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयीवर डोळा ठेवा. चोखलेली कोय पिल्लू गिळतं आणि ती आतड्यात अडकून बसते. राहिलं तूप. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले ते भूतदयेसाठी; आपण मात्र तूप बेतानंच द्यावं, एकदम जड स्निग्ध खाल्लं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते.

शी-शूच्या शिस्तीवरून सर्वाधिक पिल्लं मार खातात, आणि सगळा मार फुकट जातो. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा: साधारण तितके तास ते लघवी रोखू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी तीन तासही नीट धरत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच त्याला नेमलेल्या जागी न्यायचं. कार्यक्रम झाला की तिथल्या तिथे कौतुक आणि खाऊ. लशी व्हायच्या आधी ही जागा बाल्कनीत, ट्रेमध्ये माती किंवा गवताचा तुकडा टाकून करावी. रद्दी चालते, पण पायाखाली जे लागतं त्याची सवय जडते, आणि मग जमिनीवर पसरलेली रविवारची पुरवणीही त्याला आपलीच वाटते. लादीवर झालंच तर न बोलता पुसायचं. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू इतकंच शिकतं, की माणसासमोर शू करू नये. मग ते सोफ्यामागे करतं. पुसायला अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच आणि जागेचं आमंत्रण देणारा. विकरयुक्त क्लीनरनं वास मुळापासून जातो.

पहिल्या रात्री ते रडणार. स्वयंपाकघरात एकटं कोंडून ‘सवय होईल’ म्हणणारे शेजाऱ्यांचीही झोप घालवतात. पलंगाशेजारी उंच काठाच्या खोक्यात झोपवा, हात खाली सोडला तर लागेल इतक्या अंतरावर. एकटं राहायची सवय दिवसा लावायची: दोन मिनिटं, पाच मिनिटं, अर्धा तास. दोघंही नोकरी करणाऱ्या घरानं सुट्ट्या एकदम न घेता आळीपाळीनं घ्याव्यात. दोघांनी मिळून आठवडाभर लाड करून सोमवारी सकाळी दाराला कुलूप लावलं, की पिल्लाच्या दृष्टीनं सगळं जगच नाहीसं होतं.

सोसायटीचं काय? भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेत ठराव करून कुणाला कुत्रं पाळण्याची बंदी करता येत नाही, आणि कुत्रं पाळणाऱ्याला लिफ्ट नाकारता येत नाही. पण कायदा तुमच्या बाजूनं आहे म्हणून सेक्रेटरींशी वाद उकरून काढण्यात शहाणपण नाही. शेजारच्या काकूंना कुत्र्याची भीती असेल तर पिल्लू आल्याबरोबर ओळख करून द्या. मोठं झाल्यावर ती होत नाही. विष्ठा उचलायला पिशवी खिशात ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर अकरा महिन्यांचा करार आधी वाचा आणि मालकांना विचारा. महापालिकेचा परवाना रेबीजच्या लशीच्या दाखल्यावर मिळतो. तो काढणारे फार थोडे, पण काढावा. खर्चाची धास्ती असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळपास कुठे आहे ते शोधून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच.

रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षानं पुन्हा, आणि पुढं नियमित. ती होण्यापूर्वी खेळता खेळता पिल्लाचे सुईसारखे दात मुलांना लागतात आणि ‘घरचंच आहे’ म्हणून कुणी लक्ष देत नाही. रस्त्यावरून आणलेल्या, आई कोण हे माहीत नसलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीज झाला की उपाय नाही आणि वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते, इतकं हे साधं आहे. जंतांचं औषधही विसरू नका. बहुतेक पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात आणि त्यांची अंडी मुलांच्या हातांवरून तोंडात जाऊ शकतात.

मुलांच्या हट्टावरून पिल्लू येतं आणि ते सांभाळतात आजी-आजोबा, हे आपल्याकडचं ठरलेलं चित्र. आठवीतली मुलगी चार वर्षांत शिकायला पुण्याला नाहीतर परदेशात जाईल. कुत्रं तेव्हा ऐन उमेदीत असेल. त्याला पहाटे फिरवायला कोण नेणार हे त्या मुलीला नव्हे, आजोबांना विचारा, आणि ते ‘बघू’ म्हणाले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्या. दोन महिने घरात थांबणारं कुणी नसेल तर यंदा पिल्लू आणू नका. त्या पैशांत गल्लीतल्या एखाद्या कुत्रीची नसबंदी आणि रेबीजची लस होते. स्थानिक प्राणिमित्र संस्थेला फोन करा, त्या कुत्रीला पकडून नेण्यापासून परत आणून सोडण्यापर्यंतचं काम कसं करायचं ते त्या सांगतील.